गुणिले चोवीस

डबी संध्याकाळी द्यायची, सकाळी गोळा करायची.
मधलं कुणी बोलायचं नसतं,
पण मला बोलावंच लागतं, दारोदार, चहाचा कप हातात धरून :
"पानावर धरा. मातीला लागू देऊ नका.
एवढंसं. हरभऱ्याएवढं."

गगनबावड्याच्या वरच्या अंगाला धनगरवाडा, उंबरे सात.
म्हातारा बिरू बोडेकर डबी उलटी करून बघतो.
"जल्मभर रानात टाकलं, कुणी इचारलं न्हाई.
आता सरकारला त्ये बी मोजून पायजे?"
सगळा वाडा हसतो.
मीही हसते. अकरा वर्षं हसतेय.

खाली केंद्रात वेळ मोजून काम.
जाळीतून गाळायचं, पट्टीच्या भोकात भरायचं,
वर हिरव्या पाण्यात भिजलेला सेलोफेन, अंगठ्यानं दाब.
जंताचं अंडं खडबडीत, गुळाच्या रंगाचं, ते थांबतं तुमच्यासाठी.
अंकुशकृमीचं थांबत नाही.
पातळ कवच, ग्लिसरीन त्याला विरघळल्यासारखं करतं.
अर्ध्या तासात बघायचं,
नाहीतर काच स्वच्छ दिसते आणि शून्य लिहिलं जातं.
चहाला उठलेल्या माणसानं लिहिलेली
कितीतरी शून्यं आमच्या जुन्या वह्यांत आहेत.
एखादं माझंही असेल.

झोऱ्यांच्या घरातल्या चार डब्या. चौदा ते सतरा.
एक्केचाळीस.
त्रेचाळीस.
चाळीस.
बेचाळीस.
मी पुन्हा मोजलं.
चौघांत मक्याच्या दाण्याचं तेच पिवळं साल.
एका चुलीवर जेवणाऱ्यांचीही पोटं
इतकी सारखी नसतात.

दुसऱ्या दिवशी परत चढले. जरा रागातच.
ठकूबाई झोरे शेण सारवत होती, हात तसेच धरून उभी राहिली.
"बाप्ये म्हशी घिऊन खालच्या रानात. चार रोज झालं.
तुमी एवढ्या लांबनं डोंगूर चढून आलाईसा,
रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं?"

मग दाराआडून सगुणा. वय नऊ.
"समदं माझंच हाय," म्हणाली,
शाळेत पहिला नंबर सांगावा तसं.

तिच्या पापणीची आतली कड बघितली.
फिकी. धुतलेल्या कापडासारखी.
सतरा नंबर तिचा. बेचाळीस गुणिले चोवीस,
ग्रॅममागं एक हजार आठ.
महाराजांच्या नावाआधी लावतात तेवढे.

तीन डब्यांपुढं 'नमुना नाही' लिहिलं.
बाविसात नऊ होते, एकोणिसात सहा झाले.
एक्केचाळीस टक्क्यांचे बत्तीस.
वाड्यात एकाचंही पोट बरं झालं नव्हतं,
तरी कोल्हापूरला कागद बघून साहेब म्हणाले,
"छान. उतार आहे."
मी फोनवर सगळं सांगितलं.
ते म्हणाले, "शेऱ्यात लिहा."
शेऱ्याचा रकाना अर्ध्या बोटाएवढा.
त्यात 'पाहुणचार' हा शब्द मावला,
पण लिहून खोडला.

गोळी सगुणानं माझ्यासमोर चावली.
"ग्वाड हाय. आणि एक?"
एकच असते, बाळ.

तीन आठवड्यांनी सतरा नंबरात चार अंडी. चार चोक सोळा,
नाही, चार चोवीस शहाण्णव. त्या दिवशी पाढासुद्धा चुकला.
बाकीच्या तीन डब्या वेगवेगळ्या पानांत गुंडाळून,
प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा.
"आता ज्येचं त्येचं हाय," ठकूबाई म्हणाली. "बघा मोजून."
आणि वर ओटीत दोन मुठी नाचणी.

उतरताना झऱ्यापाशी सगुणा कळशी भरत होती.
ओल्या लाल मातीत टाचा रुतलेल्या, अनवाणी.
पाच बोटं स्वच्छ उमटली होती.
मी हात हलवला. तिनं कळशी सांभाळत मान हलवली.
जीपच्या पायरीवर बसून मी बूट झटकले.
बरीच माती निघाली.