उठायला जास्त लागतं

सव्वानऊला भिंताडे गिरणीचं बटण दाबतात
आणि माझ्या मशीनवरचा दिवा मान खाली घालतो.
क्षणभरच.
जांभळ्या साडीवर जांभळाच दोरा,
सुई कुठे शिरली ते दिसत नाही,
मी पायडलवरून पाय उचलते.
मग पट्टा पकडतो, दगड फिरतो,
मधली भिंत गुणगुणायला लागते
आणि दिवा परत वर बघतो,
काही झालंच नाही असा.

नऊ वर्षं झाली धनकवडीत.
बल्ब बदलले. होल्डर बदलला.
नजरेचं असेल म्हणून चष्मा बदलला.
लक्ष्मी रोडच्या दुकानाचा पोऱ्या म्हणाला,
ताई, ह्या फॉलला तीन ठिकाणी चुणी आलीये.
मी मनात मोजलं:
गहू, ज्वारी, मिरची कांडप.

गुरुवारी लाइटच नसते.
त्या दिवशी मी दारात बसून हातशिलाई करते,
भिंताडे दगडाला टाकी लावतात,
आणि आमचं भांडण नसतं.

शेवटी युनूस वायरमनला बोलावलं.
त्यानं मीटरपेटी उघडली, न्यूट्रल हलवून बघितली,
एक स्क्रू अर्धा आटा पिळला,
मग पायरीवर बसून
बशीतल्या चहात बोट बुडवलं, फरशीवर रेघ ओढली.
हा डीपी. ही तार.
हे तुमचं घर, ही गिरणी,
एका ताटात जेवणारे दोघं.
फिरती मोटर फार मागत नाही, ताई.
फिरतीच्या अंगात उलटा जोर असतो,
तो विजेला म्हणतो, बेतानं ये.
थांबलेलीकडे तो नसतो.
म्हणून पहिल्या फेऱ्याला ती पाच-सहा पट ओढते,
आणि तार बिचारी बारीक, लांबून आलेली,
एवढं वाहताना वाटेतच थोडं स्वतः खाते.
उरेल ते दिव्याला.

म्हटलं, म्हणजे चूक कोणाची?
चूक नाही हो, म्हणाला, उठायलाच जास्त लागतं.
फरशीवरची रेघ तोवर वाळत आलेली.

आत कॉटवर मच्छिंद्र.
उजवी बाजू गेली त्याला दोन दिवाळ्या झाल्या.
बसलेला असतो तेव्हा काही नाही,
कोडं सोडवतो, कोथिंबिरीचा भाव विचारतो,
मी सांगितला की महाग म्हणतो.
एकदा चालायला लागला की मोरीपर्यंत जातो,
कधी मोरी सोडून गॅलरीपर्यंत,
खाली कोण कुणाशी बोलतंय ते बघून येतो.
पण ते मधलं.
अकरा वाजताचं ते कॉट सोडणं.
तेव्हा मी मशीन थांबवते,
पोरगी मोबाइल उपडा ठेवते,
कुकरखालचा गॅस कुणीतरी बारीक करतं,
सांगितलेलं नसतं कोणी.
त्याचा हात खांद्यावर येतो
आणि माझ्या डोळ्यांपुढे जरा अंधारतं.
कपाळाची शीर तटतटते त्याच्या.
झालं झालं, म्हणतो,
झालेलं नसतं.
मग गुडघा धरतो.

वेगळी तार ओढायची तर पैसे,
अर्धे देतो म्हणाले भिंताडे,
उरलेल्या अर्ध्यांवर गाडी अडली आहे.
तोवर त्यांनी एक केलं:
बटण दाबायच्या आधी भिंतीवर
लाकडी हातोडीनं दोनदा ठोकतात,
मी सुई वर करून ठेवते.

काल ठोका नेमका अकराला पडला.
मच्छिंद्र अर्धा उभा, अर्धा माझ्यावर.
भिंतीकडे तोंड करून ओरडला,
वाकड्या ओठांतून, पण स्पष्ट:
थांबा ओ भिंताडे,
इकडची मोटर आधी चालू होतेय!

पलीकडे कुणी हसलं नाही.
बटणही दाबलं नाही.
दिवा होता तेवढाच राहिला,
आणि भिंतीपल्याड, रांगेतल्या कुणाच्यातरी
डब्याचं झाकण
एकदा वाजून गप्प झालं.