अधिकचं चिन्ह

नळाला पाणी येतं पहाटे चारला,
तोवर धडा सहावा.
एकाच कानात इअरफोन, दुसरा बिघडलाय.
मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवलेला
आणि सर सांगतायत, सेन्सॉर्ड म्हणजे काय.
मला वाटलं, सिनेमातली कात्री.

तसं नाही.
अभ्यासातून जो मधेच निघून गेला,
मेला असंही नाही, बरा झाला असंही नाही,
ज्याचं पुढचं आपल्याला ठाऊकच नाही,
त्याला खोडायचं नसतं.
होता तितके दिवस मोजायचे
आणि उतरत्या रेषेवर, तो गेला तिथे,
एक बारीक अधिकचं चिन्ह.

मी सरांना थांबवलं, बोट ठेवून.

बैंगनवाडी, मशिदीमागची गल्ली, मैमुना.
सदुसष्ट दिवस गोळ्या घेतल्या माझ्यासमोर,
कधी चहाबरोबर, कधी शिव्या देत.
अडुसष्टाव्या दिवशी दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, भिवंडीला गेली असेल,
नाहीतर गावी.
रजिस्टरात मी लाल शाईने लिहिलं, सोडून गेली.
खाली मॅडमची सही.

चाचणीत दहापैकी सहा.
लॉग-रँक अजून डोक्यावरून जातं,
पी व्हॅल्यूशी तर माझं उघड भांडण आहे.
पण लेकाच्या चौकटीच्या वहीत
मी एक रेष ओढली पेन्सिलीने,
सदुसष्ट घरं, सरळ,
टोकाला अधिक.

नळ खाकरला.
हंडा भरेस्तोवर घरं पुन्हा मोजली.
सदुसष्टच.