मॉरिसची तोटी

डिसेंबरातल्या सकाळी सिकेरा बाईंनी
कॅम्पातनं उद्यमबागेपर्यंत मॉरिस स्वतः हाकत आणली
आणि चावी माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवली.
"चोर्ल्याच्या घाटात काच आतून पांढरी होते, भरमा.
एका हातानं पुसते, एका हातानं वळते.
गिअरला तिसरा कुठून आणू?"

हीटर? बेळगावात?
थंडी पडते खरी, पण आम्ही ती
कानटोपीवर आणि फाउंड्रीच्या दारात उभं राहून भागवतो.

बॉनेट वर केलं.
इंजिनच्या पाठीमागं, कोपऱ्यात,
पितळेची बारकी तोटी, दोन नटांवर बसलेली,
विहिरीच्या शेवटच्या पायरीगत हिरवी.
तिचा पाइप कुणीतरी काढून
तोंड सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं.
तारेला तीन पीळ सुलटे, चौथा उलटा.

हात थांबला.
असा पीळ एकच माणूस द्यायचा,
लगमाण्णा मेस्त्री. त्यांनी मला पाना धरायला शिकवलं,
चुकलं की तोच पाना पाठीवर.

"एकाहत्तर साली फुटली," बाई म्हणाल्या,
"पप्पांच्या घोट्यावर उकळतं पाणी.
मेस्त्री म्हणाले, आज बांधतो, उद्या पक्कं करू."

पाणी सोडलं. गटारात तांबडा ओहोळ गेला.
एक नट सुटला.
दुसऱ्यावर डिझेल ओतून रात्रभर वाट बघितली,
सकाळी हूं की चूं न करता आला.
आतली चकती एका बाजूनं कातरलेली, सुपारीगत.
दांडा वाकडा. वॉशर म्हणजे करपलेली पापडी.

पिराजीनं लेथवर नवा दांडा काढून दिला.
"कसली रे ही? बंबाची?"
"बंबाचीच म्हण की. चाकावरचा बंब."

चकती मी घासली,
काचेवर पेस्ट, आणि आठाच्या आकड्यात फिरवत.
मराठी आठ मधेच सुटतो,
कानडी आठबी सुटतो,
पुन्हा जिथल्या तिथं यायला इंग्रजीच आठ लागतो.
दोन तास. बोटांची चामडी गुळगुळीत.
मल्लूनं कॉर्कचं गॅस्केट कापलं,
पहिलं वाकडं, दुसरं बरं.

तिसऱ्या दिवशी जोडली, इंजिन चालू,
तोटी उघडली.
पंखा फिरतोय, वारा गार.
"तण्णग ऐती, मामा," मल्लू म्हणाला.
हवा धरली होती. परतीचा पाइप सैल केला.
लग्नाचं जेवण पोटात फिरावं तशी गुडगुड,
थुंकी, फेस,
मग धार.
"बिसी!" मल्लू हात झटकत नाचला.

बाई आत बसल्या होत्या, पाय पुढं करून.
डॅशबोर्डखालच्या पेटीनं पहिला श्वास सोडला
आणि तपकिरी धूळ त्यांच्या स्वेटरभर.
तंबाखू.
पप्पा निपाणीला वखारीत होते,
पान नाकाशी धरून प्रत लावायचे,
त्यांच्या बुटांनी जे जे घरी आणलं
ते त्या पेटीत बसून होतं.
बाई शिंकल्या. पुन्हा. पुन्हा.
मल्लू कानडीत मोजत होता, एळपर्यंत गेला.
नाक पुसून बाई म्हणाल्या,
"अजून पहिल्या प्रतीचीच आहे."

बिलात पिराजीचे तीनशे, कॉर्क, पेस्ट, माझे हात.
"आणि मेस्त्रींचं?"
"त्यांचं काम कुठं सुटलं होतं, मीच कापलं,"
म्हणालो, आणि दोनशे कमी केले.
"शिमग्याला आणा. ही बॉनेट उघडूनच बंद करायची,
नाहीतर उन्हाळ्यात गाडीत अंडी उकडाल."

ट्यूबचा तुकडा गॅरेजात खिळ्याला टांगलाय.
गिऱ्हाईक नसलं की नवी तार घेऊन बसतो.
तीन पीळ होतात.
चौथ्याला हात वळतो तो
सुलटाच.