शिरगाळी ब्रांच

पहाणीच्या नवव्या रकान्यात अजून रेल्वेच आहे.
साडेनऊ मैल लांब, पन्नास फूट रुंद:
असलं शेत कोण नांगरणार?
तरी अलीकडून म्हाबळू पाटील
दरवर्षी एक तास आत सरकतो,
पलीकडून यल्लाप्पा गुरव.
म्हणून मला बोलावलंय, साखळी घेऊन.
(मशीन आलंय खात्यात, पण तीन तालुक्यांत एक.)

लाईन टाकली ती लाकडासाठी.
साग, किंदळ, मत्ती.
माणसं नंतर चढली,
आधी ओंडक्यांवर, फुकट;
दोघं घरंगळून गेले तेव्हा
कंपनीनं एक डबा जोडला
आणि दीड आणा लावला.

इंजिनही एकच.
शिरगाळीला ते वळवायला जागा नव्हती,
म्हणून जाताना तोंड पुढे
आणि येताना उलटं, मागे मागे,
देवळातून निघावं तसं,
देवाला पाठ न दाखवता.

ड्रायव्हर इनास, कॅसलरॉककडचा.
चौथ्या मैलाला सिग्नल नव्हता, स्टेशन नव्हतं,
तरी हिवाळ्यात गाडी तिथं थांबायची.
बाया घागरी घेऊन उभ्या असायच्या.
इनास नळी सोडायचा, वाफेतून ओरडायचा,
‘हात सांभाळ गो, हात सांभाळ!’
घरात बाळंतीण असली की
पहिली घागर तिची.
मी त्या पाण्यानं न्हालोय.
आई सांगायची, आठवडाभर
तुझ्या टाळूला कोळशाचा वास यायचा.

पाटीचं सांगायचं राहिलं.
आधी इंग्रजी वर, मराठी खाली.
मग कन्नड वर.
एका रात्री एकावर डांबर,
दुसऱ्या रात्री दुसऱ्यावर.
मास्तर दोरायस्वामी. त्यांना दोन्ही वाचता येत नव्हतं.
त्यांनी रॉकेलचा बोळा घेऊन डांबर पुसलं,
डांबराबरोबर रंगही गेला,
आणि नवी पाटी मागवायचा कागद
हुबळीत कुणाच्या तरी टेबलावर
कुठल्या भाषेत लिहायचं विचारत पडून राहिला.
शेवटची तीन वर्षं गाडी
नाव नसलेल्या स्टेशनाला पोचत होती.
चुकीच्या ठिकाणी कुणी उतरलं नाही.

बंद झाली तेव्हा काही झालं नाही.
हार नाही, भाषण नाही.
लाकूड संपलं होतं, एवढंच.
त्या दिवशी तीन तिकिटं गेली,
त्यातलं एक बकरीचं.
दुसऱ्या दिवशीही बाया चौथ्या मैलाला
सूर्य डोक्यावर येईपर्यंत थांबल्या
आणि थंड घागरी घेऊन परत आल्या.

रूळ ठेकेदारानं नेले.
सिलिपाटं मात्र गावात जिरली:
बोरव्वाच्या दाराला उंबरा,
मठाच्या विहिरीवर आडवं टाकलेलं एक,
गुरवांच्या गोठ्यात चार.
याच जंगलाचं लाकूड.
एकाच्या भोकात खिळा अजून घट्ट बसलाय,
त्याला आता रेडकू बांधतात.

मी साखळी ताणतो.
‘सायेब, जरा तिकडं सरकवा की,’ म्हणतो पाटील.
‘स्वल्प आ कडे, सर,’ म्हणतो गुरव.
दोघांचं म्हणणं एकच,
फक्त बोट उलट्या दिशेला.
कोतवाल हसतो. मी हसत नाही, मी सरकारी माणूस.

जिथं खुंटी ठोकली तिथं माती धरेना.
एक वीत खाली गिट्टी,
काळी, तेलकट, हातानं फोडलेली.
चार वेळा ठोकली, चार वेळा वाकली.
समोरून गुरांची रांग आली,
भरावावरून, एकामागे एक,
आजूबाजूला सगळं मोकळं रान असून
त्या पन्नास फुटांच्या बरोबर मधून.

शेऱ्यात लिहिलं:
हद्द कायम. वहिवाट गुरांची.
चौथा मैल कुठं होता ते कुणी विचारलं नाही.
मीही साखळी गुंडाळताना
एकदाच मागे पाहिलं,
आणि मग थोडा वेळ
तसाच उलटा चालत गेलो.