डोळा भरणे

केसपेपरवर लिहिलंय :
आरोलकर पुंडलिक, वय सत्तेचाळीस,
डावा डोळा, चुना.

एवढंच. त्यात मोचेमाडची खाडी नाही,
पोफळींवर फवारायला भिजवलेलं मोरचूद नाही,
आणि खदखदणाऱ्या चुन्यावर
वाकून बघायची माझी घाई नाही.
शेवंतीने कळशी ओतली तोंडावर, मग दुसरी,
मग मोजणं सुटलं, रहाट फिरत राहिला.
त्या कळशांनी डोळा राखला, असं पुढे डॉक्टरीण म्हणाल्या.
नजर नाही. डोळा.

वर्षभरात पांढरं चढलं काळ्यावर
लाल शिरा घेऊन.
कलम मेलं की खुंटाची रायवळ फूट
मोकाट वर येते, तसं.
उजेड यायचा, पण तांदळाच्या धुवणातून आल्यासारखा.

शिरगावकरबाईंनी कागदावर गोल काढला.
"इथे, काळं-पांढरं भेटतं त्या काठाला
मूळ पेशी असतात. बुबुळावर रोज नवी साय त्याच धरतात.
तुमच्या जळल्या."
गडगा, मी म्हटलं.
त्या घाटावरच्या, त्यांना कळेना.
चिऱ्यांचा गडगा हो, बाई. ढासळला की गुरं शिरतात.
"मग उजव्या डोळ्याच्या गडग्यातला एक चिरा काढू," त्या म्हणाल्या,
"तांदळाच्या कणीएवढा.
त्याचे दहा-बारा तुकडे करून डाव्यात लावू,
अंतराअंतराने."

हसूच आलं मला.
तीस वर्षं दुसरं काय केलं?
कोयीच्या तांबूस रोपावर हापूसची काडी,
बोरीवर, गुलाबावर डोळे भरले.
हाच आमचा शब्द, डोळा भरणे.
झाडाला कधी विचारलं नाही
दुखतं का.

आणि बांधणार कशाने? आम्ही प्लास्टिकची पट्टी बांधतो.
"खाली वारेचं आवरण चिकटवायचं," त्या म्हणाल्या.
बाळ ज्या पडद्यात वाढतं, तो पडदा.
कुणा बाळंतिणीने दिलेला.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
नाव सांगत नाहीत.

घरी आल्यावर शेवंती रोज विचारी,
"काय दिसता?"
गप. धरू दे.
शिकाऊ पोरं कलम ओढून बघतात
धरलं का म्हणून,
तिथेच मरतं ते.
मी दोन महिने उजवा डोळा झाकून बघितलं नाही.
रात्री मात्र वाटायचं, आत काहीतरी सरकतंय,
एक तुकडा दुसऱ्याला शिवायला निघालाय.

मग एका दुपारी, ठरवून नव्हे,
घाम पुसताना उजवा मिटला गेला.
शेवंती तारले साफ करत होती.
तिच्या मनगटावर एक खवला,
आणि त्या खवल्यात
परसातली पोफळ, उलटी की सुलटी
ते नाही दिसलं.
डाग राहणार थोडा, बाईंनी सांगितलं होतंच.

आता तिसरं वर्ष.
वेंगुर्ल्याच्या बाजारात एवढंसं पोर दिसलं
की मी डावा डोळा तिकडे करतो,
ओळख लागते का बघतो.
परवा एक होतं, आईचा पदर धरून,
मी वाकलो, हसलो.
त्याचं लक्ष नव्हतं.
त्याला पाटीतल्या बांगड्याच्या
डोळ्यात बोट घालायचं होतं.