जळवा

बरणीचं झाकण आता मी उघडते.
दोन हिवाळे झाले, आपाच्या बोटांना
फिरकीचं काही जमत नाही;
सूपही तो वाडगा उचलून पितो.
तोंड मात्र शाबूत आहे:
"पोटात नको टोचूस. पोटात टोचलीस की झाली चिंधी.
मागची वाटी बघ, रुंद, चिकट,
तिच्यातून एकदाच आरपार. मग सोड.
वळवळली पाहिजे, बोरी.
मेलेल्या आमिषाला नुसता कचरा लागतो."

मी मान डोलावते,
जणू वाटी कुठे असते ते मला कुणी सांगायला हवं.

सोमवार ते शुक्रवार, सोल्नोकच्या इस्पितळात,
यांच्याच बहिणी मी चिमट्याने उचलते.
गेल्या महिन्यात केलेमेन नावाचा सुतार आला,
तर्जनी रुमालात, रुमाल बर्फात.
नऊ तास शिवत होते डॉक्टर.
धमनी जुळली, शीर काही जुळेना.
आत गेलेलं रक्त बाहेर येईना,
बोट पिकल्या आलुबुखारासारखं तट्ट.
मग माझं काम. दर चार तासांनी एक जळू,
नखाच्या कडेला.
तिने तोंड लावलं की वेळ लिहायची.
नाही लावलं तर तेही लिहायचं
आणि डॉक्टरांना झोपेतून उठवायचं,
कारण मेलेल्या मांसाला जळू चावत नाही.
पिऊन टम्म झालेल्या आम्ही स्पिरिटमध्ये टाकतो.
ते कुठे लिहीत नाही.

या मात्र ओदोनच्या टपरीतल्या, बरणीत वीस.
कुठल्या डबक्यातल्या, विचारलं तर तो
सिगरेट पेटवतो.

गळ माझ्या करंगळीएवढा.
त्यावर तीन जळवा, मध्ये गांडुळांची जुडी,
शेपट्या मोकळ्या, लोंबत्या.
वीतभर वर शिसं, मणी, गाठ.
गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची,
नाहीतर दोरा जळतो आणि ऐन वेळी दगा देतो.
हे मी सातव्या वर्षी शिकले, याच फळीवर,
तेव्हा याचे हात दगडासारखे स्थिर होते
आणि माझेच कापत होते.
पुढे टाके घालायच्या परीक्षेत बाईंनी विचारलं,
हात कुठे बसवलास?
नदीवर, म्हटलं. त्यांना वाटलं थट्टा करते.

होडी तिसाच्या ओघात आडवी वाहते.
पॉप्लरचा कापूस पाण्यावर, आपाच्या भुवयांवर.
त्याने लाकडी ठोकणी हातात घेतली आहे,
ती मला देत नाही. ती देणारही नाही.
ग्लुप. ग्लुप. ग्लुप.
चौथा ठोका चुकतो, पाणी नुसतंच उडतं.
खाली, बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला,
शिंगाळा मिशा हलवून ऐकत असेल,
म्हणत असेल, म्हातारा झाला हा.

दोनदा दोरी जड झाली.
दोनदा रिकामा गळ वर आला,
काट्याला जळूच्या वाटीची एक कड तेवढी.
"चोर," आपा म्हणाला, कौतुकाने.

नव्याने ओवायला बरणीत हात घातला
तर एक निसटली.
फळीवर शोधली, बुटांखाली,
गांडुळांच्या मातीत.
मग दिसली. आपाच्या अंगठ्याच्या बुडाशी,
दोन्ही टोकं टेकवून, कमान करून.
हात हलतोय, हाताबरोबर तीही हलतेय,
आणि याला पत्ता नाही,
हा पाण्याकडे बघतोय.

मिठाची पुडी माझ्या खिशात होती.
नाही काढली.
तिच्या मानेतून सरकणारी बारीक लाट
रातपाळीत मोजते तशी मोजत बसले
आणि सवयीने घड्याळ बघितलं.

सहा वाजून दहा.
तोंड लावलं.