संदर्भासह स्पष्टीकरण

तिसऱ्या तासाला घैसास मॅडम
थडग्याचा प्रवेश वाचत होत्या.
खिडकीबाहेर कर्वे रोडवरून मेट्रो गेली,
नेमका तेवढ्यात तो विष प्यायला.
"मॅडम, परत," मागून शेलार ओरडला
आणि आम्ही त्याला दुसऱ्यांदा मारलं.

दोष कुणाचा?
नशिबाचा, घराण्यांचा, वयाचा.
मी वहीत लिहिलं : टपालाचा.
साथ होती, वेस बंद,
पत्र निरोप्याच्या झोळीतच राहिलं.

अण्णा बावीस वर्षं पुणे स्टेशनला
आरएमएसमध्ये टपाल निवडतात.
रात्रपाळीचा डबा भरता भरता
त्यांना सगळं सांगितलं.
"रजिस्टर केलं नव्हतं?"
"नाही."
"मग पोचपावती कुठली!"
चपला घालून गेलेसुद्धा.

दोन जिने उतरून परत वर आले, धापा टाकत,
"अगं, पण त्या निरोप्याचं काय झालं?
त्याला कुणी सांगितलं का,
त्या पत्रात काय होतं ते?"

पुस्तक चाळलं.
शेवटी चार ओळी आहेत त्याच्या.
मॅडमनी त्यांवर काट मारायला लावली होती,
परीक्षेला येत नाहीत म्हणून.